कंपनीचं ‘२०३० चं लक्ष्य’ आपल्या खाडीपर्यंत आणून कसं वाचायचं

तळोजा, पाताळगंगा, धाटाव, महाड, लोटे परशुराम. कोकणातल्या कुठल्याही एमआयडीसीत आता प्रत्येक मोठ्या कंपनीकडे पर्यावरणाची काही ना काही लक्ष्यं असतात. ‘२०५० पर्यंत नेट झिरो’, ‘२०३० पर्यंत पाणीवापरात ३० टक्के घट’, ‘लँडफिलमध्ये शून्य कचरा’. ही वाक्यं गेटवरच्या फलकावर, वार्षिक अहवालात, गावात वाटलेल्या पत्रकात सापडतात. वाचून बरं वाटतं, पण नेमकं काय कबूल केलंय ते कळत नाही.

ज्यांच्यावर हे कागद पहिल्यांदाच वाचायची वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नुकतेच निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, कंपनीच्या ईएचएस (पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा) विभागात नव्याने लागलेली मुलं, प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आणि ज्यांचं घर खाडीवर चालतं ते सगळे. अहवाल इंग्रजीत असतो, शे-दोनशे पानांचा असतो, त्यात फोटो भरपूर असतात. पण त्यातलं कामाचं गणित सातवीच्या पलीकडचं नाही.

पुढचं सगळं ज्या एका गोष्टीभोवती फिरतं, ती आधीच सांगतो. लक्ष्य अख्ख्या कंपनीचं असतं, पण सांडपाणी, धूर आणि गाळ एका गावाच्या वाट्याला येतो. गुजरातेत तीन, तामिळनाडूत एक आणि आपल्याकडे एक कारखाना असलेल्या कंपनीचा पाणीवापर ‘सरासरी’ २० टक्क्यांनी घटला, तर आपल्याकडच्या कारखान्याचा घटला की वाढला हे त्यावरून अजिबात समजत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा: इथला किती?

आधी कागद जमवा

चार कागद लागतात. चारही मिळवता येतात.

पहिला बीआरएसआर. पूर्ण नाव ‘बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट’. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि बाजारमूल्याने पहिल्या हजारात असलेल्या कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या नियामकाने, तो २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून सक्तीचा केला. वार्षिक अहवालातच तो जोडलेला असतो. गुळगुळीत कागदावरचा, हसऱ्या मुलांचे फोटो असलेला सस्टेनेबिलिटी रिपोर्ट वेगळा. त्यात काय छापायचं हे बव्हंशी कंपनी ठरवते. बीआरएसआरचा नमुना मात्र ठरलेला आहे, रकाने ठरलेले आहेत आणि बहुतेक रकान्यांत चालू वर्षाशेजारी मागच्या वर्षाचा आकडा द्यावा लागतो. नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी.

दुसरा कागद पर्यावरण मंजुरीचा, म्हणजे ज्याला सगळे ‘ईसी’ म्हणतात तो. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेखाली मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला मंजुरीतल्या अटी किती पाळल्या याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. मंजुरीपत्रं केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर शोधता येतात.

तिसरा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, बोलीभाषेत कन्सेंट. माझ्या मते चौघांत हाच सगळ्यात मोलाचा. दिवसाला किती घनमीटर सांडपाणी सोडायची परवानगी आहे, कुठे सोडायचं, त्यात काय किती असलं तर चालेल, कुठला माल किती टन बनवायचा, कुठल्या प्रकारचा घातक कचरा किती निघेल, चिमण्या किती आणि किती उंच, हे सगळं त्यात असतं. आणि हे सगळं एका कारखान्यापुरतं असतं, कंपनीभरचं नाही.

चौथा ‘फॉर्म पाच’, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचं हे विवरण कारखान्याला ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे द्यावं लागतं. एक टन मालामागे किती पाणी लागलं, सांडपाण्यातून काय किती गेलं, घातक कचरा गेल्या वर्षी किती आणि यंदा किती, हे त्यात येतं. अहवालातल्या मोठ्या वाक्यांना जमिनीवर आणणारा कागद तो हाच.

लोटे आणि महाडमधल्या पुष्कळ कंपन्या शेअर बाजारात नाहीत. त्यांचा बीआरएसआर शोधत बसू नका, मिळणार नाही. पण रसायनांचा कारखाना छोटा असला तरी कन्सेंटशिवाय चालत नाही, त्यामुळे तिथे तिसऱ्या आणि चौथ्या कागदावरून काम सुरू करायचं.

लक्ष्याचं वाक्य सोडवा

बीआरएसआरचे तीन भाग असतात. त्यातल्या ‘ब’ भागात कंपनीला दोन गोष्टी लागोपाठ सांगाव्या लागतात: मुदतीसह ठरवलेली लक्ष्यं कोणती, आणि त्यांतली किती गाठली. गाठली नसतील तर का नाही, तेही. हे पान आधी काढा. दुसऱ्या उत्तरात नुसतं ‘प्रगती समाधानकारक’ असं काही लिहिलेलं असेल, तर तुमचा पहिला प्रश्न तयार झाला.

मग प्रत्येक लक्ष्याला चार गोष्टी विचारायच्या. कुठल्या वर्षाच्या तुलनेत? कुठल्या कारखान्यांसाठी? एकूण घट की दर टनामागे घट? आणि कधीपर्यंत? चारांतलं एक जरी उत्तर नसलं, तरी ते लक्ष्य मोजता येत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून तिथे थांबू. पेणजवळ डोलवीला धरमतर खाडीच्या काठी जेएसडब्ल्यू स्टीलचा मोठा कारखाना आहे. या कंपनीचं जाहीर लक्ष्य असं: २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत एक टन कच्च्या पोलादामागचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन ४२ टक्क्यांनी घटवून १.९५ टनांच्या खाली आणायचं. लक्ष्य म्हणून हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पायाभूत वर्ष आहे, एकक आहे, मुदत आहे. आता त्यात ‘दर टनामागे’ हे शब्द आहेत, तेवढं लक्षात ठेवून साधं गणित करा. कुठल्याही पोलाद कारखान्यात दर टनाचं उत्सर्जन ४२ टक्क्यांनी घटलं आणि त्याच काळात उत्पादन दुप्पट झालं, तर एकूण उत्सर्जन ०.५८ गुणिले २, म्हणजे १.१६ पट होतं. सोळा टक्क्यांनी वाढतं. डोलवीची वार्षिक क्षमता ५० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेली गेली आहे, हे इथे आठवावं. दर टनामागचं लक्ष्य खोटं नसतं. कारखाना किती काटकसरीने चालतो हे तेच सांगतं. पण आकाशात किती गेलं, हे ते सांगत नाही.

याच ४२ आकड्याचा आणखी एक घोटाळा नवख्यांच्या डोक्यात होतो. ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याशी जुळणारं लक्ष्य म्हणून अनेक क्षेत्रांना २०२० ते २०३० या दहा वर्षांत ४२ टक्के घट सांगितली जाते. ती एकूण उत्सर्जनातली घट असते. एक ४२ दहा वर्षांतला आणि एकूण, दुसरा ४२ पंचवीस वर्षांतला आणि दर टनामागचा. आकडा सारखा, कबुली वेगळी. त्याच उपक्रमाबद्दल आणखी एक बघून ठेवा: कंपनी ‘कमिटेड’ आहे की तिचं लक्ष्य ‘व्हॅलिडेटेड’ झालंय? पहिल्याचा अर्थ लक्ष्य देऊ असं कळवलंय, दुसऱ्याचा अर्थ दिलेलं लक्ष्य तपासून झालंय.

दर टनामागचा आकडा तरी ठीक. बीआरएसआरमध्ये उलाढालीच्या दर रुपयामागचा आकडाही असतो, आणि तिथे जास्त जपून राहायचं. समजा एका कारखान्याने शंभर कोटींचा माल विकला आणि दहा हजार टन कार्बन सोडला. पुढच्या वर्षी मालाचा भाव तीस टक्क्यांनी चढला, उत्पादन तेवढंच, धूर तेवढाच. दर कोटीमागचं उत्सर्जन १०० टनांवरून ७७ टनांवर आलं. अहवालात २३ टक्के सुधारणा दिसेल, पण कारखान्यात एक व्हॉल्व्हसुद्धा बदललेला नसेल. त्यामुळे रुपयाचा रकाना सोडून टनाचा शोधा. दोन्ही नसतील तर एकूण उत्सर्जन आणि एकूण उत्पादन घेऊन तुम्हीच भागा.

‘नेट झिरो’ आणि ‘कार्बन न्यूट्रल’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसले तर सावध व्हा. वर सांगितलेल्या उपक्रमाच्या नेट झिरो मानकात आधी साधारण ९० टक्के घट प्रत्यक्ष करायची असते, उरलेल्याचीच भरपाई चालते. कार्बन न्यूट्रल म्हणवून घ्यायला बाहेरून क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे झालेली घट, विकत घेऊनही भागू शकतं.

धुराचे तीन हिशेब

अहवालात उत्सर्जन तीन खात्यांत मांडतात, त्यांना ‘स्कोप’ म्हणतात. स्कोप एक म्हणजे कारखान्याच्या आवारात जळलेलं किंवा प्रक्रियेतून निघालेलं. बॉयलर, जनरेटर, भट्टी. स्कोप दोन म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचं. स्कोप तीन म्हणजे कच्चा माल, वाहतूक, विकलेल्या वस्तूचा वापर असं बाकी सगळं.

कुठला स्कोप महत्त्वाचा हे कारखान्यावर ठरतं. जयगडच्या १,२०० मेगावॉटच्या कोळशाच्या वीजकेंद्रात जवळपास सगळी गोष्ट स्कोप एकमध्ये असते. अलिबागजवळ थळला आरसीएफचा (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) युरिया बनतो. तिथे नैसर्गिक वायू इंधनही आहे आणि कच्चा मालही. युरियात बांधला गेलेला कार्बन शेतात खत पडल्यावर सुटतो, म्हणजे तो स्कोप तीनमध्ये जातो. लोट्यातल्या मध्यम रसायन कारखान्यात बॉयलर आणि वीज हीच दोन मोठी खाती.

विजेचा अंदाज घरी बसून काढता येतो. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. दहा लाख युनिट म्हणजे ७०० टन. एक लिटर डिझेलमागे साधारण २.७ किलो. अहवालातला आकडा याच्या आसपासही नसेल, तर विचारायला हरकत नाही.

बॉयलरबद्दल एक कोकणी तपशील. कोळसा बंद करून ब्रिकेट, म्हणजे शेतातल्या टाकाऊ मालाच्या कांड्या, किंवा तेल काढलेल्या काजूच्या टरफलांचा चोथा जाळायला सुरुवात केली की स्कोप एक झपकन खाली येतो, कारण जैविक इंधनातला कार्बन डायऑक्साइड स्कोपच्या बेरजेत न धरता वेगळा दाखवायचा असतो. हिशेबाची ही पद्धत जगभर मान्य आहे. पण चिमणीतून निघणारी राख आणि धुळीचे कण या बदलाने आपोआप कमी होत नाहीत. कार्बनचा आकडा घटल्याचा आनंद मानावा आणि त्याच पानावरचा धूलिकणांचा आकडाही बघावा. वाडीतल्या माणसाच्या छातीत जातात ते धूलिकण.

पाणी: इथे वेळ द्या

कोकणातल्या माणसाने अहवालातला सगळ्यात जास्त वेळ पाण्यावर घालवावा, असं माझं ठाम मत आहे. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जांभ्यातून आणि उतारावरून पाणी वाहून जातं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच गावात टँकर येतो. अहवालाला हे दिसत नाही, कारण अहवाल वर्षाची बेरीज करतो.

बीआरएसआरमध्ये पाणी किलोलिटरमध्ये असतं आणि कुठून घेतलं याची फोड असते: नदी-तलाव, भूजल, दुसऱ्याकडून घेतलेलं, समुद्राचं. एमआयडीसीचं पाणी बहुधा ‘दुसऱ्याकडून’ या रकान्यात जातं आणि तिथेच चौकशी संपते. ती संपवू नका. एमआयडीसी ते कुठून आणते? आपल्या औद्योगिक पट्ट्यांची एक विलक्षण गोष्ट इथे लपलेली आहे. उन्हाळ्यात इथल्या मुख्य नद्या वाहतात त्या घाटावरून वीज करून खाली सोडलेल्या पाण्यावर. खोपोलीच्या वीजघराचं पाणी पाताळगंगेत येतं, भिऱ्याचं कुंडलिकेत, आणि कोयनेचं अवजल वाशिष्ठीत. म्हणजे घाटात वीजनिर्मिती कमी झाली की खाली नदीची पातळी उतरते. पाणीपुरवठा तर घटतोच, पण नदीत जे काही सोडलं जातं ते वाहून न्यायलाही पाणी कमी पडतं. ज्या कंपनीची पाण्याची रणनीती या अवजलाचा उल्लेखच करत नाही, तिने स्वतःची सगळ्यात मोठी जोखीम लिहिलेली नाही.

आणखी एक फट. पाण्याचा ताण असलेल्या भागातल्या कारखान्यांची माहिती बीआरएसआरमध्ये कारखानानिहाय द्यायची सोय आहे, पण ती ऐच्छिक रकान्यांत येते, आणि ताणाचा भाग ठरतो तो मुख्यतः भूजलाच्या सरकारी वर्गवारीवरून. त्या वर्गवारीत कोकणातले तालुके बहुतेक ‘सुरक्षित’ असतात. त्यामुळे मे महिन्यात टँकर येणाऱ्या गावाशेजारचा कारखानाही त्या तक्त्यात न येता सुटतो. म्हणून तो आकडा मागून घ्यावा लागतो, आणि महिनावार मागावा लागतो.

आता बाहेर पडणारं पाणी. इथे दोन शब्द नीट वेगळे करा: तीव्रता आणि भार. सीओडी हा सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा ढोबळ मापक. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून, म्हणजे सीईटीपीतून, बाहेर पडणाऱ्या पाण्याला तो लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. समजा एक कारखाना दिवसाला १०० घनमीटर पाणी सोडतो आणि सीओडी २०० आहे. रोजची घाण २० किलो. पुढच्या वर्षी सीओडी १५० वर आणला, पण नवा प्लांट सुरू झाल्याने पाणी १६० घनमीटर झालं. रोजची घाण २४ किलो. अहवाल म्हणेल, सीओडी २५ टक्क्यांनी घटला. खाडी म्हणेल, चार किलो वाढले. दोघंही बरोबर. माशाला भार लागतो, म्हणून दोन्ही आकडे गुणून बघायची सवय लावा.

त्यात सीईटीपी आलं की जबाबदारी पातळ होते. कारखाना लिहितो, ‘सांडपाणी प्रक्रिया करून सीईटीपीला पाठवलं.’ त्याच्या बाजूने काम झालं. पण लोट्याचं प्रक्रिया केलेलं पाणी पाइपने करंबवण्याला, दाभोळच्या खाडीत जातं. महाडचं सावित्रीच्या खाडीत ओवळ्याला. तिथल्या भोई आणि कोळी कुटुंबांना कुठल्या कंपनीचं पाणी किती हे कधीच कळत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात लोट्याच्या प्रदूषणाची दखल घेतली होती. इतक्या वर्षांनीही खाडीकाठच्या माणसाला महिन्याचा आकडा सहज मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून कंपनीला विचारताना दोन टप्प्यांचं विचारा: तुमच्या गेटमधून सीईटीपीला किती आणि कसं गेलं, आणि ज्या सीईटीपीचे तुम्ही सभासद आहात त्याच्या तोंडाशी काय निघतंय. आणि पाणी ओहोटीला सोडतात का, हेही. भरतीला सोडलेलं पाणी खाडीत वर चढतं आणि तिथेच घुटमळतं.

‘शून्य विसर्ग’, म्हणजे सांडपाणी आवाराबाहेर सोडतच नाही, असं लिहिलेलं असेल तर उत्तम, पण तपासा. पाणी उकळून आटवावं लागतं, त्याला वाफ लागते, वाफेला इंधन. पाण्याचं लक्ष्य गाठताना कार्बन थोडा वाढला असेल तर ते समजण्यासारखं आहे, आणि जी कंपनी हे मोकळेपणाने लिहिते तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. उरलेलं मीठ कुठे जातं, तेही विचारा. आणि पावसाळ्यात काय होतं? आवारातलं पावसाचं पाणी आणि सांडपाणी यांची गटारं वेगळी नसतील, तर जुलैमध्ये शून्य विसर्ग टिकत नाही.

कचरा

इथे फार वेळ लागत नाही. घातक कचऱ्याचे टन बघा, तो कुठे गेला ते बघा (जमिनीत पुरला, जाळला, सिमेंट भट्टीला दिला), आणि कन्सेंटमधल्या प्रमाणाशी ताडून बघा. उत्पादन वाढलं आणि घातक कचरा निम्मा झाला, तर प्रक्रिया बदलली असेल किंवा कचऱ्याचं वर्गीकरण बदललं असेल. कुठलं, ते विचारायचं. आवारात हा कचरा सहसा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही.

झाडं, शाळेचे बाक, रुग्णवाहिका

ही चांगली कामं आहेत आणि गावाने ती घ्यावीत. पण ती सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, मोडतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के त्यावर खर्च करावेच लागतात. सांडपाण्याच्या आकड्याशी त्यांचा संबंध नाही, आणि ग्रामसभेत दोन्ही विषय एकाच श्वासात घेऊ नयेत. कारखान्याच्या आवारातला हरित पट्टा तर अनेक ईसींमध्ये ३३ टक्के क्षेत्रावर ठेवायची अटच असते. अट पाळली हे लक्ष्य म्हणून मांडलेलं दिसलं, तर ते त्या यादीतून वजा करा.

पूर आणि वादळ

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. या दोन तारखांनंतर लिहिलेल्या कुठल्याही रणनीतीत पुराचा उल्लेख असायला हवा. बीआरएसआरच्या ‘अ’ भागाच्या शेवटी कंपनीला महत्त्वाच्या वाटणाऱ्या जोखमींचा तक्ता असतो. त्यात ‘हवामानबदल’ हा शब्द जवळपास नेहमी सापडतो. तुम्ही शोधायचं ते हे: रसायनांच्या टाक्या आणि पिंपं २०२१ च्या पूररेषेच्या वर आहेत का? वीज गेली तर ईटीपी, म्हणजे कारखान्याचं स्वतःचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र, किती तास चालेल? धरणातून पाणी सोडल्याचा निरोप कारखान्याला कोण देतं, आणि कारखाना गावाला कसा कळवतो?

त्याच भागात जनसमुदायाकडून आलेल्या तक्रारींचा रकाना आहे. वर्षात किती आल्या, किती प्रलंबित. तिथे शून्य असेल आणि तुमच्या ग्रामपंचायतीच्या जावक नोंदवहीत त्याच कंपनीला पाठवलेली तीन पत्रं असतील, तर पत्रांच्या प्रती आणि पोचपावत्या एकत्र लावा. ही विसंगती कंपनीच्या मुख्यालयाला आणि भागधारकांना फार लवकर समजते, कारण बीआरएसआर ते सेबीच्या नियमाखाली देतात.

मागचा अहवाल शेजारी ठेवा

दोन वर्षांचे अहवाल शेजारीशेजारी उघडा. तीन गोष्टी शोधा. मागच्या वर्षी छापलेला आकडा यंदा ‘मागील वर्ष’ रकान्यात बदललाय का? बदलला असेल तर खाली टीप असायला हवी. एखादं लक्ष्य गुपचूप नाहीसं झालंय का? आणि २०२५ चं लक्ष्य चुकल्यावर त्याचंच २०३० चं झालंय का? नव्या माणसाला ही तीन कामं एका दुपारी जमतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथेच.

आता पत्र लिहा

आरोप करू नका, आकडा मागा. पान क्रमांक द्या. एका पत्रात चारपेक्षा जास्त प्रश्न नकोत, नाहीतर सोप्याचं उत्तर येतं आणि अवघड राहून जातं. नमुना असा:

*प्रति, कारखाना व्यवस्थापक. विषय: पाणी व सांडपाण्याबाबत कारखानानिहाय माहिती मिळण्याबाबत.*

*महोदय, आपल्या कंपनीच्या गेल्या आर्थिक वर्षाच्या बीआरएसआरमध्ये पान क्र. … वर पाणीवापर २०३० पर्यंत … टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य नमूद आहे. त्या अनुषंगाने आमच्या गावालगतच्या कारखान्यापुरती पुढील माहिती द्यावी, ही विनंती. १) पायाभूत वर्षात व गेल्या वर्षात दर टन उत्पादनामागे व एकूण किती पाणी वापरले? २) मार्च, एप्रिल व मे महिन्यांत दररोज सरासरी किती पाणी घेतले व किती सांडपाणी सोडले? ३) सीईटीपीला पाठवलेल्या सांडपाण्याची सीओडी तीव्रता व एकूण भार महिनावार किती? ४) या लक्ष्यासाठी या कारखान्यात पुढील दोन वर्षांत कोणती कामे ठरली आहेत? आपण वेळ दिल्यास ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी कारखान्यात येऊन माहिती समजून घेतील.*

शेवटचं वाक्य गाळू नका. ईएचएसमधली बरीच माणसं कामाबद्दल तळमळीची असतात, त्यांना आपलं काम दाखवायला आवडतं, आणि वरिष्ठांकडून परवानगी मिळवायला असं पत्र त्यांच्या उपयोगी पडतं. तुम्ही स्वतःच ईएचएसमध्ये नवे असाल, तर हेच चार प्रश्न गावाने विचारण्याआधी तुमच्या तक्त्यात भरून ठेवा.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयातल्या (चिपळूण, महाड वगैरे) जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागणी अगदी नेमकी: अमुक कारखान्याचं चालू संमतीपत्र, गेल्या तीन वर्षांचे फॉर्म पाच, मंडळाने घेतलेल्या नमुन्यांचे तपासणी अहवाल. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असतं, नाही आलं तर प्रथम अपील.

ओढ्याला फेस आला, मासे मेले, रात्री वास आला, तर स्वतः बाटली भरून प्रयोगशाळेत पळण्याआधी मंडळाला कळवा. कायद्यापुढे उभा राहणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, ठरलेल्या पद्धतीने आणि कारखान्याला नोटीस देऊन घेतलेला असावा लागतो. तुम्ही मात्र तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचा रंग आणि फोटो एका वहीत टिपून ठेवा, आणि तक्रार फोनवर केली तरी त्याच दिवशी लेखीही द्या.

वार्षिक अहवाल साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येतात, फॉर्म पाच सप्टेंबरअखेर जातो. म्हणजे ऑक्टोबरमध्ये दोन्ही कागद एकाच वर्षाचे मिळू शकतात. दोन्हीकडचा पाण्याचा आणि कचऱ्याचा आकडा एका तक्त्यात मांडा, कारखान्याचं नाव वर लिहा, आणि तो तक्ता ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावून द्या. पुढच्या वर्षी निवडून आलेल्या माणसाला पहिला रकाना भरलेला मिळेल.